वडगावच्या तहाचा धडा

विद्यार्थी मित्रहो, परराष्ट्रनीती ही दिल्ली-लंडनची बाब, तिच्याशी आपला काय संबंध, असे आपणांस वाटते काय? मग आपल्या आंबीजवळच्या वडगावकडे पाहा. रघुनाथरावांस पुण्याच्या गादीवर बसविण्यासाठी निघालेली मुंबईकर इंग्रजांची फौज जानेवारी १७७९ मध्ये तळेगावापर्यंत आली. मराठ्यांनी मुलूख ओसाड करून तिची रसद तोडली. वेढल्या गेलेल्या इंग्रजांनी वडगाव येथे तह केला. परंतु कलकत्त्याच्या हेस्टिंग्जने तो धुडकावला.

तेव्हा नाना फडणीसांनी जुने वैर बाजूस ठेवून १७८० मध्ये हैदरअली व निजाम यांच्याशी एकजूट केली. धर्म निराळे, पण हित एक! तिकडे इंग्रज अमेरिकेच्या युद्धातही गुंतले होते. तरीही ही एकजूट टिकली नाही. गुंटूर परत देऊन इंग्रजांनी निजामास फोडले. १७८२ च्या सालबाईच्या तहाने पुणे हैदरपासून दूर झाले. पुढे १७९९ मध्ये टिपू सुलतान पडले, तेव्हा निजाम इंग्रजांच्या बाजूस होता. १८१८ मध्ये पेशवाईही बुडाली.

पालकहो, युद्धाच्या बातम्यांवर घरोघरी वाद होतात. मुलांनी कोणाचा पक्ष घ्यावा हे सांगण्याआधी त्यांना विचारा: हा तह पाळणार कोण? ही मैत्री किती दिवस टिकेल? इतिहास शिकावयाचा तो याचसाठी.