पोराला नेमबाजी शिकवायचीय? आधी बंदुकीचा धक्का समजून घ्या

राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक मिळवलं. त्याआधी २०१० मध्ये कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंतने म्युनिकमध्ये ५० मीटर प्रोन प्रकारात जागतिक विजेतेपद पटकावलं होतं. खेड्यापाड्यातली पोरं-पोरी या खेळात कुठपर्यंत जाऊ शकतात, हे आता वेगळं सांगायला नको. त्यामुळे पालकांचा एक प्रश्न हमखास ऐकू येतो : पहिली बंदूक कोणती आणि तिच्यात काडतूस कोणतं?

बहुतेक घरांत विचार सुरू होतो तो किमतीपासून किंवा ताकदीपासून. खरा विचार करायचा तो धक्क्याचा.

धक्का म्हणजे नेमकं काय?

गोळी पुढे सुटते तेव्हा बंदूक मागे खांद्यावर येते. गोळी जेवढी जड आणि वेगवान, तेवढा धक्का जास्त. बंदूक जेवढी जड, तेवढा कमी. ऊर्जेचा ढोबळ हिशेब असा :

- १० मीटर हवेची रायफल (.१७७ छर्रा) : छर्रा अर्ध्या ग्रॅमचा. धक्का ज्यूलच्या हजाराव्या भागाच्या आसपास, म्हणजे जाणवतच नाही.
- .२२ (पॉइंट टू टू) रायफल : गोळी साधारण अडीच ग्रॅमची. पाच किलोच्या रायफलीत धक्का एका ज्यूलच्या दहाव्या भागाइतका. आवाज होतो, खांदा दुखत नाही.
- १२ बोर बंदूक : ३० ते ३५ ज्यूल. तीन-साडेतीन किलोचं वजन मीटरभर उंचीवरून पडावं, तेवढी ही ऊर्जा.

म्हणजे १२ बोरचा धक्का .२२ च्या शेकडो पट. हा फरक बारा-तेरा वर्षांच्या खांद्याने सोसावा, असं आपण म्हणतो तेव्हा नक्की काय मागतोय ते कळायला हवं.

एकदा दचकलं की सवय जाता जात नाही

जोराचा धक्का बसला की खांदा दोन दिवस दुखतो आणि मग बरा होतो. मनातली धास्ती मात्र राहते. पुढच्या वेळी चाप ओढायच्या आधीच पोरगं डोळे मिटतं, खांदा आखडतं आणि चाप झटक्यात ओढतं. नेम बरोबर धरलेला असतो, पण गोळी भलतीकडे जाते. पोराला वाटतं आपल्याला जमत नाही. पालकांना वाटतं पोराचं लक्ष नाही.

हे ओळखायची प्रशिक्षकांची एक जुनी युक्ती आहे. .२२ च्या सरावात ते मुलाला न सांगता मध्येच एक नकली काडतूस भरतात. चाप ओढला की बार होत नाही, पण दचकणाऱ्या मुलाच्या रायफलीची नळी खाली झुकलेली स्पष्ट दिसते. ही सवय लागायला दोन-चार बार पुरतात. मोडायला महिने जातात. म्हणून पहिले काही महिने धक्का जवळपास शून्य हवा.

अमेरिकेतले व्हिडिओ पाहून ठरवू नका

मोबाइलवर शोधलं की अमेरिकेतले शिकारीचे व्हिडिओ समोर येतात. तिथे हरणाच्या शिकारीचा ठरलेला हंगाम असतो, सरकारी परवाना मिळतो आणि मुलं वडिलांसोबत जातात. लहान शिकाऱ्याला काडतूस कोणतं द्यावं, हा तिथला नेहमीचा विषय. बरेच जण १९५५ मध्ये बाजारात आलेल्या .२४३ विंचेस्टरचं नाव घेतात. साडेतीन किलोच्या रायफलीत तिचा धक्का साधारण १२ ज्यूल बसतो. मोठ्या माणसांच्या .३०-०६ चा त्याच वजनाच्या रायफलीत २५ च्या पुढे जातो. .२२३ चा धक्का .२४३ पेक्षाही कमी, पण हरणासाठी ती हलकी पडते म्हणून काही राज्यांत चालत नाही.

तिथल्या पालकांपुढे दोन अटी असतात. पोराला धक्का कमी बसावा आणि जनावर जखमी होऊन तडफडत राहू नये, एवढी ताकदही असावी. त्यामुळे त्यांना मधला मार्ग काढावा लागतो.

आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नुसार शिकारीला बंदी आहे. मोर असो, ससा असो की तितर. आपल्या मुलांसमोर असतो तो कागद, आणि कागदाला भोक पाडायला ताकद लागत नाही. दुसरी अटच निघून गेली. म्हणून आपल्यासाठी उत्तर सोपं : सगळ्यात कमी धक्क्याची निवडा.

पहिली पायरी : .१७७ चा छर्रा

सुरुवात हवेच्या रायफलीने करावी. ऑलिंपिकमधला १० मीटर प्रकारही याच ४.५ मिलिमीटरच्या छर्‍यावर खेळतात. तिथे दहा गुणांचा ठिपका फक्त अर्ध्या मिलिमीटरचा असतो, म्हणजे छर्रा हलका असला तरी खेळ हलका नाही. छर्रा चपट्या तोंडाचा घ्यावा. तो कागदाला गोल, स्वच्छ भोक पाडतो आणि गुण मोजायला सोपं जातं.

हवेच्या रायफलीतही दोन जाती आहेत :

- स्प्रिंगची (नळी मोडून भरायची) : जत्रेत फुगे फोडायला असते ती. स्वस्त आणि टिकाऊ. पण छर्रा नळीतून बाहेर पडायच्या आतच आतला जड दट्ट्या पुढे धावतो, त्यामुळे बंदूक आधी मागे आणि मग पुढे अशी हलते. धक्का छोटा असला तरी नेम बिघडवतो.
- सिलिंडरची (दाबलेल्या हवेवर चालणारी) : जवळपास हलतच नाही. स्पर्धेला हीच लागते. परदेशी बनावटीची नवी घ्यायची तर खर्च लाखाच्या वर जातो.

म्हणून खरेदीची घाई नको. म्हैस विकून किंवा सोसायटीचं कर्ज काढून पहिल्याच महिन्यात रायफल घेऊ नका. आधी क्लबच्या रायफलीवर शिकू द्या. सहा महिन्यांनी पोराची गोडी टिकली असेल, तर वापरलेल्या रायफलीची चौकशी करा.

दुसरी पायरी : .२२

हवेच्या रायफलीवर हात बसला की .२२. ज्या प्रकारात स्वप्नीलने पदक आणलं, त्यात हेच काडतूस असतं. गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून नेम धरायचा. कॉलेजात एनसीसी केलेल्यांनी याच बोरची रायफल झोपून चालवलेली असते. पोरगं शाळेत एनसीसीत असेल तर फायरिंगची संधी सोडू नका, खर्चही होत नाही. इथे आवाज असतो, त्यामुळे कानाला संरक्षण हवंच. धक्का नसला तरी नुसत्या आवाजानेही पोरं दचकतात.

जड बंदूक की हलकी?

इथे खरी अडचण येते. जड बंदूक धक्का गिळते, पण पोराला ती उचलवत नाही. नियमाप्रमाणे १० मीटरची रायफल साडेपाच किलोपर्यंत चालते, पण म्हणून दहा-बारा वर्षांच्या पोराच्या हातात तेवढं वजन देऊ नये. पाठ मागे वाकते, कंबर दुखायला लागते. हवेच्या रायफलीला धक्काच नसल्यामुळे ती हलकी घेतली तरी चालते. सुरुवातीला बसून, टेकू लावून सराव करावा.

बटाची लांबीही बघा. बट लांब असेल तर मूल मागे झुकतं, बट खांद्याच्या खोबणीत न बसता दंडावर येतो. कमी-जास्त करता येणारा बट असेल तर उत्तम.

घरातल्या बंदुकीचं काय?

बऱ्याच घरांत शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर १२ बोर किंवा ठासणीची बंदूक असते. आजोबा कौतुकाने म्हणतात, "ये, तुला नेम शिकवतो." हे करू नका.

पहिलं कारण वर सांगितलंच, धक्का. दुसरं कारण कायदा. शस्त्र कायदा १९५९ च्या कलम ९ नुसार २१ वर्षांखालच्या व्यक्तीला बंदूक किंवा काडतुसं जवळ बाळगता येत नाहीत. सवलत आहे ती नियमांत ठरवलेल्या वयाच्या मुलांना, ठरलेल्या अटींवर, प्रशिक्षणापुरती. बांधावरचा सराव म्हणजे प्रशिक्षण नव्हे. बंदूक आणि काडतुसं वेगवेगळ्या जागी, कुलपात ठेवा.

.१७७ बोरपर्यंतच्या आणि २० ज्यूलपर्यंत ताकदीच्या हवेच्या बंदुकीला परवाना लागत नाही. त्यापुढे लागतो. घेताना ताकद लेखी विचारा, पावती जपून ठेवा. आणि परवाना नाही म्हणून ती खेळणं होत नाही. डोळ्याला लागली तर डोळा जातो. पाखरांवर ती चालवणंही गुन्हाच.

सुरुवात कशी करायची?

१. जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जवळच्या रेंजची आणि शालेय स्पर्धांची माहिती विचारा.
२. प्रशिक्षक पहिल्या दिवशी काय शिकवतात ते बघा. नळी कायम सुरक्षित दिशेला, नेम धरेपर्यंत बोट चापाबाहेर, हे आधी शिकवत असतील तर जागा बरोबर आहे.
३. पहिल्या दिवशी वीस-पंचवीस छर्रे पुरे. हात थकला की थांबवा.
४. छर्रे शिशाचे असतात. सरावानंतर साबणाने हात धुतल्याशिवाय डबा उघडू देऊ नका.
५. "किती गुण पडले?" याऐवजी "चाप ओढताना डोळे उघडे होते का?" असं विचारा.

पदक, खेळाडूंचं नोकरीतलं आरक्षण हे सगळं पुढचं. पहिल्या वर्षी एवढंच बघायचं की पोरगं बंदुकीला घाबरत नाही आणि बंदुकीशी खेळतही नाही. ते जमलं तर पुढची वाट प्रशिक्षक दाखवतील.