मागे एक चाक की दोन-दोन?

फोर बाय फोर ट्रक घेऊन त्याचा कॅम्पर करायचा, हे खूळ सध्या आमच्या मित्रमंडळात जोरात आहे. गादी कुठे, गॅस कुठे, सोलर पॅनेल किती वॅटचे यावर तासन् तास चर्चा होते. पण खरा पैशाचा आणि जिवाचा प्रश्न खाली असतो: मागच्या एक्सलला दोन्ही बाजूंना एकेक मोठे चाक की दोन-दोन लहान? या वादाचा निकाल बऱ्याच अंशी १९४२ सालीच लागून गेलाय. आणि गंमत म्हणजे एकाच कंपनीने तो दोन्ही बाजूंनी दिलाय!

दुसऱ्या महायुद्धातला अमेरिकन लष्कराचा हुकमी ट्रक म्हणजे जीएमसीचा अडीच टनी, सीसीकेडब्ल्यू. असे पाच लाखांहून जास्त ट्रक तयार झाले. पुढे दोन चाके, मागे दोन एक्सलवर चार-चार, म्हणजे आपल्या भाषेत दहा टायरची गाडी. सगळे टायर एकाच मापाचे, ७.५०-२०, ट्रकच्या धंद्यात तेव्हा सर्रास चालणारे. हिशोब सरळ होता. वजन जास्त टायरांवर वाटले जाते (आमच्या भाषेत लोड बॅलन्सिंग), एक स्टेपनी दहाही जागी चालते, आणि जोडीतला एक टायर फुटला तर दुसऱ्यावर रडतखडत का होईना, पुढच्या गावापर्यंत जाता येते. ऑगस्ट ते नोव्हेंबर १९४४ या काळात फ्रान्समध्ये 'रेड बॉल एक्सप्रेस' चालली ती मुख्यतः याच गाड्यांवर. ऐन भरात जवळपास सहा हजार गाड्या आणि दिवसाला साडेबारा हजार टन माल! ड्रायव्हर बहुतांश कृष्णवर्णीय सैनिक. सैनिकांनी रस्त्यावर फेकलेले जेवणाचे रिकामे डबे टायर कापत, तरी माल पोचत होता. पक्क्या रस्त्यावर दहा टायर म्हणजे दहा टायर.

आता दुसरी बाजू. १९४२ मध्येच याच ट्रकचे इंजिन आणि चालवण्याची यंत्रणा घेऊन पाण्यात आणि जमिनीवर दोन्हीकडे चालणारी गाडी बनवायचे ठरले. तिचे नाव डीयूकेडब्ल्यू, बोलताना 'डक'. जहाजावरचा माल उचलायचा, पोहत किनाऱ्याला यायचे आणि थेट पुळणीवर चढायचे. म्हणजे वाळू, तीही ओली-सुकी मिसळलेली. इथे डिझायनर मंडळींनी जोडीची चाके काढून टाकली. सहाही जागी एकेकच टायर, पण जाडजूड, ११.००-१८ मापाचा.

असं का? वाळूत पुढचे चाक स्वतःचा चर पाडते, माती दाबते. त्यात त्याची बरीच ताकद खर्च होते. मागचे चाक त्याच चरातून आले तर त्याचे काम अर्धे झालेले असते. जोडीची चाके मात्र त्या चराच्या अल्याड-पल्याड पडतात आणि नवे चर पाडत बसतात. इंजिन तेच, पण वाळूला द्यावा लागणारा कर वाढला. खडकाळ रस्त्यावर आतल्या-बाहेरच्या टायरमध्ये दगड अडकतो तो त्रास वेगळाच. आणि मुख्य म्हणजे हवा. वाळूत हवा कमी केली की टायर पसरतो, जमिनीला जास्त लांब टेकतो. जोडीतले टायर इतके जवळ असतात की फार हवा काढली तर त्यांच्या बाजू एकमेकांवर घासतात, तापतात, फाटतात. एकट्या टायरला शेजारीच नाही!

'डक'वर तर फ्रँक स्पीअर या इंजिनिअरने चालत्या गाडीत ड्रायव्हरने बसल्या जागी हवा कमी-जास्त करायची सोय केली. रस्त्यावर ४० पाउंडांच्या आसपास, मऊ पुळणीवर १०-१२. लष्करातल्या बड्यांना हे प्रकरण पटत नव्हते. मग डिसेंबर १९४२ मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये प्रॉव्हिन्सटाउनजवळ वादळात कोस्ट गार्डची एक बोट वाळूच्या दांड्यावर अडकली. प्रात्यक्षिकासाठी तिथे आणलेली 'डक' त्या समुद्रात गेली आणि सात जणांना परत घेऊन आली. त्यानंतर नाके मुरडणारे गप्प झाले.

हवा काढायची युक्ती मात्र स्पीअरच्या आधीची. राल्फ बॅगनॉल्ड हा ब्रिटिश इंजिनिअर अधिकारी १९२०च्या दशकाच्या शेवटी फोर्ड मोटारी घेऊन इजिप्तच्या वाळवंटात हिंडायचा, तेव्हापासून तो हे करत होता. १९३९ मध्ये तो जहाजाने केनियाला निघाला होता. भूमध्य समुद्रात जहाजाला अपघात झाला आणि स्वारी इजिप्तमध्ये उतरली. १९४० मध्ये त्याने तिथे 'लाँग रेंज डेझर्ट ग्रुप' उभा केला. त्यांच्या शेव्हरोले ट्रकला फोर व्हील ड्राइव्ह नव्हता! १९४१ मध्ये त्यांना फोर व्हील ड्राइव्हचे फोर्ड मिळाले, पण ते जड आणि पेट्रोल भरपूर पिणारे. शेकडो मैल आत, जिथे पंप नाही आणि विहीर असलीच तर नकाशावर, तिथे पेट्रोल म्हणजे परतीचे तिकीट. १९४२ मध्ये ते पुन्हा टू व्हील ड्राइव्हच्या शेव्हरोलेवर आले. रुंद टायर, कमी हवा, रुतलेल्या चाकाखाली घालायच्या लोखंडी पट्ट्या, यावर भागवले. फोर व्हील ड्राइव्हचा गिअर टाकला की सगळे सुटते असे मानणाऱ्यांनी हे जरूर वाचावे.

असो. कॅम्परवाल्यांकडे येऊ. ऑस्ट्रेलियात मित्सुबिशी फुसो कँटरसारखे मागे जोडचाके असलेले फोर बाय फोर ट्रक घेऊन त्यांना एकेरी चाके बसवणे हा चांगला रुळलेला धंदा आहे. नुसते टायर बदलून भागत नाही. रिम अशी लागते की मागचे चाक नेमके पुढच्याच्या चरात पडेल. शिवाय चार टायरांचे ओझे आता दोघांवर येते, तेव्हा प्रत्येकाची भारक्षमता तितकी हवी. दोनशे लिटर पाणी म्हणजे दोनशे किलो, त्यावर फर्निचर, बॅटऱ्या, डिझेल आणि माणसे. वाळवंटात जाणार असाल तर मी डोळे झाकून एकेरी म्हणेन. पण आमच्या मंडळींच्या यादीत नव्वद टक्के घाटरस्ते आणि हायवे आहेत, तिथे जोडचाकांनी काय घोडं मारलंय? त्यातून आपल्याकडे मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ आहे. कंपनीच्या मूळ रचनेत बदल करताना ते आधी वाचायचे, मग रिमवाल्याला फोन करायचा.