धन्याला राजी करून

झाडांच्या फांद्या उतरवणं हा माझा धंदा. नव्या पोरांच्या हातात करवत देण्याआधी मी त्यांना रामचंद्रपंत अमात्यांबद्दल सांगतो. करवीरच्या संभाजीराजांच्या काळात, १७१५ च्या सुमारास त्यांनी ‘आज्ञापत्र’ लिहिलं. आरमाराला लाकूड कसं मिळवावं, तेही त्यात आहे. सागवान हवं तर हुजुरांची परवानगी घ्या. आंबा-फणसाचं लाकूडही कामाचं, पण त्याला हात लावू नका. ही झाडं वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेनं ती लेकरांसारखी वाढवलेली असतात. झाड अगदीच जीर्ण असेल तर धन्याला राजी करून, पैसे देऊन मगच तोडा. लढाईच्या त्या दिवसांतही राज्यानं रयतेच्या आंब्याचा एवढा विचार करावा, याचं मला फार मोल वाटतं.

जीर्ण कुठलं हे ओळखणं, खरं कसब तेच. कुऱ्हाडीच्या तुंब्यानं खोड ठोकून बघायचं, पोकळ आवाज लगेच कळतो. बुडाशी अळंबी उगवली असेल तर वर चढायचंच नाही.

जड फांदी एका दमात कापली की खोडाची साल सोलत खाली येते. म्हणून आधी खालून अर्धवट काप, मग थोडं पुढं वरून. राहिलेला खुंट बुडाशी असलेल्या फुगीर कडेच्या बाहेरून काढायचा. त्या कडेतूनच झाड जखम भरतं. वर डांबर फासू नये.

आता शहरात १९७५ चा वृक्ष कायदा आहे. परवानगीचा कागद बघितल्याशिवाय मी दोर बांधत नाही.