इंटरनेट आणि तरुणांची सामाजिक मूल्ये

घर, शाळा आणि गाव यांच्याकडून होणाऱ्या मूल्यसंस्कारांत इंटरनेटने दूरवरच्या समवयस्कांची भर घातली. २०१६ नंतर मोबाइल डेटा स्वस्त झाल्याने भारतात हा प्रभाव खेड्यांतही पोहोचला. त्याआधीच, नोव्हेंबर २०१२ मध्ये मुंबई बंदविषयी फेसबुकवर मत मांडणारी पालघरची तरुणी आणि ते ‘लाइक’ करणारी तिची मैत्रीण यांना अटक झाली. ही अटक उघडउघड अन्यायकारक होती. त्यानंतर श्रेया सिंघल या तरुणीने याचिका केली आणि सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी या अटकेत वापरलेले माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-अ रद्दबातल ठरवले. संशयाचे लोणही याच माध्यमातून पसरते. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळवणाऱ्या टोळीच्या अफवेतून जमावाने पाच भटक्या भिक्षेकऱ्यांचा जीव घेतला. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात संदेश ‘फॉरवर्ड’ करण्यावर मर्यादा आणली.