‘नंबर’ शब्दाचे दोन अर्थ : शर्यतीची मोटारसायकल आणि जुन्नर-आंबेगावचा बैलगाडा

जुन्नर तालुक्यातील नाणेघाटाच्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा म्हणून ओळखला जाणारा ब्राह्मी शिलालेख आहे. यज्ञप्रसंगी दिलेल्या गाई, घोडे, हत्ती व कार्षापणे यांची त्यात मोजदाद असून, भारतीय अंकचिन्हांच्या अतिप्राचीन नमुन्यांत त्याची गणना होते. वैभव संख्येने सांगण्याची रीत या मुलखात अशी दोन सहस्रकांची आहे. आज त्याच मुलखातील गाडामालक आपली प्रतिष्ठा ‘नंबर’ या परकीय शब्दाने सांगतो. शर्यतीच्या मोटारसायकलींच्या मर्यादित प्रतिकृती जमविणारा संग्राहकही हाच शब्द वापरतो. परंतु दोघांचा अर्थ एक नव्हे. हा भेद तपासला असता संग्राहकाच्या आकर्षणाचे स्वरूप अधिक स्पष्ट होते, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

प्रथम मोटारसायकलीचा विचार करू. इंग्रज स्वार माइक हेलवुड याने अकरा वर्षांच्या खंडानंतर १९७८ साली आइल ऑफ मॅन बेटावरील टीटी शर्यतींत पुनरागमन केले आणि डुकाटी गाडीवर फॉर्म्युला वन शर्यत जिंकली. लगोलग १९७९ साली डुकाटी कंपनीने त्याच्या नावाची प्रतिकृती विक्रीस आणली. हेलवुड १९८१ साली निवर्तला; त्यानंतरही ती विकली जात राहिली. येथे ग्राहक वाहनाबरोबर एक आठवण विकत घेत होता. दुसरा प्रकार नियमातून जन्मास आला. काही शर्यतींत उतरणारी गाडी सर्वसामान्य विक्रीच्या गाडीवर आधारलेली असावी आणि तिचे ठरावीक नग बाजारात आलेले असावेत, असा दंडक असतो. तो पाळण्यासाठी कंपन्या थोडेच नग घडवितात. होंडाची १९८७ सालची आरसी ३० ही गाडी याच वर्गातील होय. १९८८ साली सुरू झालेल्या जागतिक सुपरबाइक स्पर्धेची पहिली दोन विजेतेपदे फ्रेड मर्केलने तिच्यावर मिळविली.

हा विषय वाटतो तितका दूरचा नाही. पुण्याहून मंचर-नारायणगावकडे जाणाऱ्या रस्त्यावर चाकण लागते. तेथील बजाजच्या कारखान्यात ऑस्ट्रियाच्या केटीएम कंपनीची आरसी ३९० ही शर्यती धाटणीची गाडी २०१४ पासून तयार होऊ लागली. २०१८ साली तिच्यावर आधारलेल्या, जागतिक सुपरस्पोर्ट ३०० शर्यतींसाठीच्या विशेष आवृत्तीचे केवळ ५०० नग काढण्यात आले. अशा आवृत्तीत पुष्कळदा प्रत्येक गाडीवर अनुक्रमांक कोरलेला असतो. हा ‘नंबर’ कारखान्यात ठरतो व कायम राहतो. गाडी एकदाही धावली नाही तरी त्याचे मोल घटत नाही, किंबहुना वाढते.

आता त्याच रस्त्याने पुढे जाऊ. आंबेगाव व जुन्नर तालुक्यांत ग्रामदैवतांच्या यात्रांत बैलगाडा पळविण्याची परंपरा आहे. थापलिंगच्या खंडोबाची पौषी यात्रा त्यासाठी प्रसिद्ध आहे. गाडा चढणीच्या धावपट्टीवर पळतो. तिला ‘घाट’ म्हणतात. नाणेघाट व माळशेज यांच्या परिसरात या शब्दाचा असा संकोच व्हावा, हे अर्थपरिवर्तनाचे सुंदर उदाहरण आहे. चार बैलांपैकी पुढची जोडी ‘कांडे’, मागची ‘जुकाट’, आणि गाड्याची एक धाव म्हणजे ‘बारी’. तमाशाच्या संदर्भात ‘संगीत बारी’ हा शब्द वाचकांस परिचित आहेच. पाळी हा मूळ अर्थ दोन्हीकडे टिकून आहे. ठरावीक सेकंदांच्या आत घाट सर करणारे सर्व गाडे ‘पहिल्या नंबरात’ धरले जातात. म्हणजे हा नंबर एकट्याचा नसतो व कायमचाही नसतो. पुढच्या यात्रेत तो पुन्हा मिळवावा लागतो.

म्हणून केवळ दुर्मिळतेने वस्तूचे मोल वाढते, हा सर्वमान्य सिद्धान्त अपुरा ठरतो. घाटातल्या नामांकित बैलासारखा दुसरा नसतो. तो सर्वार्थाने दुर्मिळ. तरीही त्याची लाखांच्या घरातील किंमत त्याच्या एकमेवपणावर नव्हे, तर पुढच्या बारीच्या आशेवर उभी असते. याची कसोटी इतिहासानेच पाहिली. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अशा शर्यतींवर बंदी घातली. राज्याने २०१७ साली कायद्यात दुरुस्ती केली. तथापि शर्यतींना सशर्त परवानगी मिळाली ती १६ डिसेंबर २०२१ रोजी, आणि घटनापीठाने दुरुस्ती वैध ठरविली १८ मे २०२३ रोजी. मधल्या साडेसात वर्षांत शर्यतीच्या बैलांचे भाव उतरले. शर्यत संपली की प्रतिकृतीचे मोल चढते. शर्यत थांबली की बैलाचे मोल पडते. एकीत पूर्ण झालेला भूतकाळ आहे, दुसऱ्यात अपूर्ण भविष्यकाळ.

या भेदाला नैतिक बाजूही आहे. कापडाखाली झाकून ठेवलेले यंत्र कोणास दुःख देत नाही. बैलाला मात्र शर्यत बंद असतानाही वैरण लागते आणि शर्यत चालू असताना चाबकाची व पराणीची भीती असते. न्यायालयाचा आक्षेप या यातनेला होता आणि तो निराधार नव्हता. नंबर जिवंत प्राण्याकडून मिळवायचा असल्यास त्याच्या वेदनेचा हिशेबही मालकानेच ठेवला पाहिजे. संग्राहकावर असे ऋण नसते.

बंदीच्या काळात गाडामालकांजवळ उरल्या त्या जिंकलेल्या ढाली आणि भिंतीवरची छायाचित्रे. नकळत तेही संग्राहक झाले होते. आता बाऱ्या पुन्हा सुरू झाल्या आहेत आणि बक्षीस म्हणून पुष्कळ ठिकाणी मोटारसायकलच दिली जाते. मात्र बंदी आणखी एक पिढी टिकली असती, तर ‘कांडे’, ‘जुकाट’, ‘बारी’ हे शब्द बोलणाऱ्यांच्या तोंडून ओसरून केवळ स्मृतीत राहिले असते. वस्तूची मर्यादित आवृत्ती काढता येते. शब्दाची येत नाही, तो वापरातच जगतो. या भागातून आलेल्या आपल्या विद्यार्थ्यांनी घाटावरची ही परिभाषा, ती बोलणारी माणसे हयात आहेत तोवरच टिपून ठेवावी, एवढेच या निमित्ताने सुचवावेसे वाटते.