पाऊण इंचाची मोकळीक

दिवाळी जवळ आली की घरातली मंडळी माळ्यावर चढतात आणि मी मोटारीखाली शिरतो. गंगापूर रोडवरच्या आमच्या घरी 1948 सालची एक एम. जी. टी. सी. आहे; वडिलांच्या एका स्नेह्यांनी जाताना ती आमच्या स्वाधीन केली. दोनच माणसांची ही तारेच्या आऱ्यांची स्पोर्ट्स गाडी. इंग्लंडात अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यातून 1945 ते 1949 या काळात अशा सुमारे 10,000 गाड्या बाहेर पडल्या. सगळ्यांचे स्टिअरिंग उजवीकडेच, म्हणून आपल्या रस्त्यांवर ती परकी वाटत नाही.

गेल्या वर्षी तिच्या क्लचच्या पेडलात मला खोड दिसली. पहिला पाऊण इंच ते काहीच काम न करता खाली जाई. मी पाना घेतला, नट आवळला आणि ती सारी ढिलाई काढून टाकली. मग ऐटीत धरणाकडे निघालो. सोमेश्वर मागे पडले, पुढे चढ लागला. इंजिन गर्जू लागले, पण गाडी पुढे सरकेना. पाठोपाठ जळका वास!

मिस्त्रींनी पेडल हाताने दाबले आणि विचारले, “साहेब, प्ले कुठे गेला? प्लेट जळाली असती तर दुसरी कुठून आणणार होता?”

मग त्यांनी समजावले. इंजिनामागच्या फ्लायव्हीलवर अस्तर लावलेली एक प्लेट स्प्रिंगांच्या जोराने दाबलेली असते. त्या घर्षणातून शक्ती चाकांपर्यंत पोचते. पेडल दाबले की एक बेअरिंग पुढे सरकते, दाब निघतो, प्लेट सुटते. पाय उचललेला असताना मात्र बेअरिंगपुढे थोडी जागा हवी. ती नसेल तर दाब कधीच पुरता बसत नाही. क्लच घसरतो, अस्तर जळते. जागा फार झाली तर प्लेट सुटत नाही आणि गिअर कुरकुरतात. मी ज्याला ढिलाई समजलो, ती क्लचची विश्रांती होती.

मिस्त्रींच्या प्रश्नामागे मोठा इतिहास आहे. मुंबईत शिवडीला जनरल मोटर्स 1928 पासून परदेशी सुटे भाग जोडून गाड्या तयार करी. 1953 साली टॅरिफ कमिशनच्या शिफारशीवरून सरकारने ठरवले, की जे कारखाने हळूहळू भागही इथेच बनवतील त्यांनाच वाव द्यायचा. जनरल मोटर्स आणि फोर्ड यांनी गाशा गुंडाळला. वालचंद हिराचंद यांनी 1944 साली स्थापलेली प्रीमियर ऑटोमोबाइल्स कुर्ल्याला टिकली आणि तिची फियाट मराठी घरांत पोचली. हौशी परदेशी गाड्यांना मात्र सुटे भाग मिळेनात. मग आपल्या मिस्त्रींनी जुन्या प्लेटांवर रिव्हेट मारून नवे अस्तर चढवले आणि असलेले अस्तर जपायला गिऱ्हाइकांना शिकवले. या गाड्या आज दिसतात त्या मालकांच्या हौसेइतक्याच त्या हातांमुळे.

माझी प्लेट थोडक्यात वाचली. अस्तर झिजते तसतसा प्ले कमी होतो. म्हणून मधूनमधून नट थोडा सैल करून तो परत द्यायचा आणि चेकनट आवळायचा. आता मी पेडल बोटाने दाबून बघतो: पाऊण इंच हलके, मग जड.

यंदा पाडव्याला पुन्हा धरणाकडे जायचे आहे. मिस्त्रींना बरोबर चला म्हटले आहे.