चादरीचे कापड

चादरीचे कापड म्हणजे गादीवर अंथरण्याच्या चादरी, पलंगपोस आणि उशांचे अभ्रे यांसाठी वापरले जाणारे विणलेले कापड होय. तंतूंचा प्रकार व लांबी, सुताचा बारीकपणा व पीळ, वीण आणि विणल्यानंतरच्या प्रक्रिया यांवर त्याची प्रत ठरते. वेष्टनावर ठळकपणे छापलेली धाग्यांची संख्या हा गुणवत्तेचा एकमेव पुरावा ठरत नाही.

तंतू

कापसाचा तंतू सामान्य हवेत स्वतःच्या कोरड्या वजनाच्या सुमारे ८.५ टक्के ओलावा धरून ठेवतो. पॉलिएस्टरमध्ये हे प्रमाण सुमारे ०.४ टक्के असते. म्हणून उष्ण व दमट हवेत सुती चादर सुखावह वाटते. पॉलिएस्टर-मिश्रित चादर कमी चुरगळते व लवकर वाळते. मात्र घर्षणाने तिच्यावर गोळे येण्याची शक्यता अधिक असते.

लांब तंतूंच्या कापसापासून बारीक, मजबूत आणि गुळगुळीत सूत निघते. इजिप्तमधील लांब तंतूंचा कापूस, अमेरिकेतील पिमा आणि भारतातील सुविन हे वाण त्यासाठी प्रसिद्ध आहेत. परंतु नाव छापलेले असले म्हणजे कापूस तोच असतो असे नाही. २०१६ मध्ये अमेरिकेतील एका मोठ्या विक्रेत्याला इजिप्शियन कापसाच्या म्हणून विकलेल्या चादरींमध्ये दुसराच कापूस आढळला आणि त्याने ग्राहकांना पैसे परत देऊ केले.

सूत आणि धाग्यांची संख्या

सुताचा बारीकपणा सूतांकाने दर्शवितात. एक पौंड सुतात ८४० यार्डांच्या जितक्या लडी भरतात, तितका त्याचा सूतांक असतो. ४० सूतांकाच्या एक पौंड सुताची लांबी ३३,६०० यार्ड भरते.

एक चौरस इंच कापडातील उभ्या (ताणा) व आडव्या (बाणा) धाग्यांची बेरीज म्हणजे धाग्यांची संख्या. उभे ११० आणि आडवे ९० धागे असल्यास ती २०० होते. हेच धागे दुपदरी असतील, तर काही उत्पादक प्रत्येक पदर स्वतंत्र मोजून ४०० असा आकडा छापतात. अशा मोजणीने ग्राहकांची दिशाभूल होऊ शकते, असे अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २००५ मध्ये स्पष्ट केले.

याउलट, भौगोलिक मानांकन मिळालेली सोलापुरी चादर जाड सुताची असते. तिच्यात दर इंचाला धागे कमी असूनही ती टिकाऊपणासाठी ओळखली जाते.

वीण

साध्या विणीत प्रत्येक धागा आळीपाळीने एका धाग्याच्या वरून व एकाच्या खालून जातो. असे कापड हवेशीर व टिकाऊ असते. साटिन विणीत धागा चार किंवा अधिक धाग्यांवरून जाऊन मग एकाच्या खाली जातो. त्यामुळे कापडाला चमक व मऊपणा येतो. पण वर मोकळे राहिलेले धागे अडकून ओढले जाण्याची शक्यता वाढते.

प्रक्रिया

ताणलेल्या सुती कापडावर दाहक सोड्याची प्रक्रिया केल्याने त्याची चमक, बळकटी व रंग धरण्याची क्षमता वाढते. जॉन मर्सर या संशोधकावरून तिला मर्सरीकरण म्हणतात. आधी आटवून न घेतलेले कापड धुतल्यावर आटते. १०८ इंच लांबीची चादर ५ टक्के आटल्यास पाच इंचांहून अधिक कमी होते. सुरकुत्या न पडण्यासाठी दिलेल्या रेझिनच्या लेपामुळे सुती कापडाची बळकटी घटते.

परीक्षण

- कापड उजेडासमोर धरल्यास विणीतील विरळपणा व गाठी दिसतात.
- कापड दोन्ही हातांनी चोळल्यावर पांढरी पूड पडल्यास खळ अधिक असते. अशी चादर धुतल्यावर विरळ व लिबलिबीत होते.
- ओला पांढरा रुमाल घासून रंगाचा पक्केपणा पाहता येतो.
- सुटा धागा सावधपणे जाळल्यास कापसाला जळक्या कागदासारखा वास येतो व मऊ राख उरते. पॉलिएस्टर वितळून त्याचा कठीण मणी होतो.

रुग्णांसाठी निवड

ओलावा व घर्षण यांमुळे अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांमध्ये शय्याव्रणाचा धोका वाढतो. त्यांच्यासाठी मऊ, गुळगुळीत, घाम शोषणारी आणि वारंवार गरम पाण्याने धुता येणारी चादर योग्य असते. तिच्या मध्यभागी शिवण किंवा भरतकाम नसावे. अशा वेळी चमक व आकड्यांपेक्षा हे साधे गुणच महत्त्वाचे ठरतात.